एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह आलंय, "व्हायरस आपल्या डीएनएत घुसतो" म्हणजे नक्की काय होतं?

रानजाई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्या वहिनीची (वय ४३) गावाकडच्या शिबिरात पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली. तिला तसा काहीच त्रास नव्हता, अंगावरून जाणं नाही की दुखणं नाही, शेजारच्या बायका निघाल्या म्हणून ही पण गेली. आता रिपोर्ट आलाय, एचपीव्ही १६ (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा १६ नंबरचा टाइप) पॉझिटिव्ह आणि पॅप स्मिअर (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ते) मात्र नॉर्मल. खाली कॉल्पोस्कोपी करा असं लिहिलंय.

दादाने रात्री मोबाइलवर काय काय वाचलं आणि सकाळी मला फोन, की हा व्हायरस म्हणे माणसाच्या डीएनएमध्ये जाऊन बसतो, मग तो कधीच निघत नाही, आणि त्यातूनच कॅन्सर होतो. तेव्हापासून घरात कोणी नीट जेवत नाहीये. आईचं वेगळंच चालू आहे, "पिशवीच काढून टाका, कटकट नको."

मी बीएस्सी केलंय पण केमिस्ट्रीत, त्यामुळे अर्धवट कळतं आणि अर्धवट कळणं जास्त वाईट. डीएनएत घुसतो म्हणजे कसा? सगळ्यांच्याच घुसतो का? रिपोर्टवरून कळतं का की वहिनीच्या बाबतीत घुसलाय की नाही? आणि तिला दोन मुलं आहेत, त्यांच्याकडे हे गेलं असेल का? कृपया "सकारात्मक राहा" वगैरे लिहू नका, ते नातेवाईक करतायत.

लॅबमधला_बंड्या

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मुलांकडे नाही जात. हे जे काही घडतं ते पिशवीच्या तोंडाच्या आवरणातल्या पेशींत घडतं, बीजांडात नाही, त्यामुळे आनुवंशिक वगैरे काही नाही. रक्तातून अंगभर फिरतो असंही नाही, हा व्हायरस त्वचा आणि आतलं अस्तर सोडून फार कुठे जात नाही.

आता मूळ मुद्दा. मी मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करतो, रोज ह्याच टेस्ट लावतो, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल. एचपीव्हीचा डीएनए म्हणजे साधारण ८००० अक्षरांची एक गोल रिंग. आपला जिनोम ३०० कोटी अक्षरांचा, त्यापुढे ही म्हणजे काहीच नाही. बारीकसारीक जखमेतून व्हायरस आवरणाच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशीत शिरतो आणि त्याची रिंग केंद्रकात जाऊन राहते, पण आपल्या क्रोमोसोमपासून वेगळी, सुटी. हिला एपिसोम म्हणतात. बहुतेक बायकांत गोष्ट इथेच संपते, कारण दहातल्या साधारण नऊ जणींचं इन्फेक्शन एक-दोन वर्षांत शरीर आपलं आपण हटवतं, कुणाला पत्ताही लागत नाही.

त्या रिंगवर मोजकी जीन्स आहेत. त्यातली तीन लक्षात ठेवा, ई२, ई६ आणि ई७. ई६ आणि ई७ ही भानगडीची. पी५३ नावाचं आपलं एक प्रोटीन असतं, डीएनए खराब झाला की ते पेशीला थांबवतं नाहीतर मारून टाकतं, ई६ आपल्याच पेशीतल्या एका एन्झाइमला हाताशी धरून त्या पी५३ ची विल्हेवाट लावतं. ई७ जाऊन आरबी नावाच्या प्रोटीनला चिकटतं, आणि आरबीचं काम होतं विनाकारण विभाजन सुरू होऊ न देणं. म्हणजे एकाने वाढ मोकाट सोडली आणि दुसऱ्याने बिघडलेल्या पेशीला अडवणाराच घालवला. व्हायरसचा ह्यात कॅन्सर करायचा काही इरादा नसतो हं, त्याला फक्त स्वतःच्या कॉप्या काढायला पेशी चालू स्थितीत हवी असते. आणि जास्त होऊ नये म्हणून ई२ असतं. टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट असतो ना, तसं ई२ हे ई६ आणि ई७ ला आवर घालतं.

आता घुसणं. हे मुद्दाम होत नाही, हा अपघात आहे. एचआयव्हीकडे आपल्या डीएनएत शिरायला इंटिग्रेज नावाचं स्वतःचं एन्झाइम असतं, एचपीव्हीकडे तसलं काही नाही. पण वर्षानुवर्षं इन्फेक्शन राहिलं, ई६ ई७ मुळे पेशी घाईघाईत विभागत राहिली, तर आपला डीएनए इथे तिथे तुटायला लागतो, व्हायरसची रिंग पण तुटते, आणि पेशीची दुरुस्ती यंत्रणा जी टोकं समोर दिसतील ती जोडून टाकते. दोन्हीकडच्या काही अक्षरांचा क्रम जुळला तर अजूनच सोपं. असा व्हायरसचा तुकडा आपल्या क्रोमोसोममध्ये शिवला जातो. हेच ते इंटिग्रेशन.

रिंग कुठेही तुटू शकते. पण समजा ती ई२ मध्ये तुटली आणि ई६ ई७ शाबूत राहिले, तर त्या एका पेशीत आवर घालणारं कोणी उरत नाही. वर त्यांचा जो आरएनए (जीनची प्रत, जिच्यावरून प्रोटीन बनतं) बनतो त्याला आपल्या जीनचं शेपूट जोडलेलं असतं आणि तो जास्त वेळ टिकतो, म्हणजे ई६ ई७ प्रोटीन अजूनच जास्त. अशी पेशी शेजारणींपेक्षा जोरात वाढते आणि हळूहळू तिचीच प्रजा सगळीकडे होते. म्हणून कॅन्सरच्या गाठीत बघितलं की बहुतेक सगळ्या पेशींत एकाच ठिकाणी जोड दिसतो. लाखो पेशींत लाखो वेगवेगळे अपघात होत असतील, आपल्याला दिसतो तो फक्त जिंकलेला.

रिपोर्टवरून कळतं का? नाही. नेहमीची एचपीव्ही टेस्ट फक्त व्हायरस आहे की नाही आणि कुठल्या टाइपचा, एवढंच सांगते. तो सुटा आहे की शिवला गेलाय ते नाही सांगत.

निवांत_नाना

बंड्या, छान लिहिलंस. एक प्रश्न, ह्या सगळ्यात व्हायरसला काय मिळालं?

लॅबमधला_बंड्या

काही नाही नाना, त्याचाही सत्यानाशच. इंटिग्रेट होताना बाहेरचं कवच बनवणारी एल१ एल२ जीन्स बऱ्याचदा तुटतात नाहीतर बंद पडतात, आणि पूर्ण रिंग नसेल तर नवा व्हायरस बनूच शकत नाही. व्हायरसचा प्रसार होतो तो सुरुवातीच्या सौम्य बदलांच्या वेळी, जेव्हा रिंगा सुट्या असतात आणि वरच्या थरातल्या पेशी झडताना त्यांच्याबरोबर नवे व्हायरस बाहेर पडतात. कॅन्सरच्या पेशीतून तो कोणालाच लागत नाही.

शंकासुर

म्हणजे इंटिग्रेशन झालं की कॅन्सर, नाही झालं की नाही, इतकं सरळ आहे का? मला नाही पटत. आणि दुसरं, ती लस घेतात त्यात पण व्हायरसच असतो ना, तो नाही का घुसणार डीएनएत? हे कोणी बोलत नाही.

लॅबमधला_बंड्या

शंकासुर, पहिली शंका एकदम बरोबर आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सर जिनोम अॅटलासवाल्यांनी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास छापला, त्यात एचपीव्ही १८ च्या सगळ्या गाठींत इंटिग्रेशन सापडलं, पण १६ च्या ७६ टक्क्यांतच. म्हणजे १६ च्या साधारण पाव गाठींत व्हायरस सुटाच होता तरी कॅन्सर झाला. तिथे काय होतं तर ई२ असतं, पण व्हायरसच्या डीएनएवर ई२ ला बसायची जी जागा असते तिच्यावर मेथिलेशन (म्हणजे डीएनएला छोटे रासायनिक गट चिकटणं) होऊन ती झाकली जाते, किंवा रिंगांचीच संख्या भरमसाट वाढते. शेवट तोच, ई६ ई७ बेलगाम. त्यामुळे इंटिग्रेशन हा तिथे पोचायचा सगळ्यात वहिवाटीचा रस्ता, एकमेव नाही.

उलटं पण आहे. इंटिग्रेशन झालं म्हणजे लगेच कॅन्सर असं नाही. कॅन्सरच्या आधीच्या टप्प्यांत पण ते सापडतं, सौम्य बदलांत कमी आणि सीआयएन ३ मध्ये बरंच जास्त (कॅन्सरआधीच्या बदलांना सीआयएन म्हणतात, १ सौम्य, ३ सगळ्यात गंभीर). त्यानंतरही पेशीला अजून बरेच बिघाड गोळा करावे लागतात. त्यात एक गंमत म्हणजे, गंमत कसली डोंबलाची, व्हायरसशी लढायला आपल्याच पेशीत अॅपोबेक नावाची एन्झाइम असतात, ती व्हायरसच्या डीएनएची अक्षरं बदलून त्याला निकामी करायला बघतात, आणि ते करता करता आपल्याच डीएनएत चुका करून ठेवतात. ह्या कॅन्सरमध्ये त्या चुकांचा ठसा स्पष्ट दिसतो.

कुठे घुसलं ह्यालाही महत्त्व आहे. ८ नंबरच्या क्रोमोसोमवर मिक नावाचं वाढीचं जीन आहे, त्याच्या आसपास बरेचदा व्हायरस सापडतो. ह्याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हेला पेशी. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स ह्या बाईच्या पिशवीच्या तोंडाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी. त्याच वर्षी ती गेली, पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत. त्यांत एचपीव्ही १८ मिकच्या जवळच बसलाय आणि ते जीन चालू ठेवतोय. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की इतकी दशकं बेफाम वाढलेल्या ह्या पेशींत बाहेरून नुसतं ई२ टाकलं तर ई६ ई७ बंद पडतात, पी५३ आणि आरबी परत कामाला लागतात आणि पेशींची वाढ थांबते. म्हणजे बाकी हजार बिघाड झाले तरी गाडी अजून व्हायरसच्या त्या दोन जीन्सवरच चालली आहे.

किती कॉप्या घुसल्या ह्याला मात्र फार अर्थ नाही. लॅबमध्ये वापरतात त्या सीहा पेशींत एचपीव्ही १६ च्या एक-दोन कॉप्या, कास्की पेशींत साधारण ६००, त्यातल्या बहुतेक गप्प पडलेल्या. कॅन्सरच्या पेशी दोन्ही.

लसीचं म्हणाल तर त्यात व्हायरस नसतोच. फक्त एल१ हे कवचाचं प्रोटीन असतं, ते यीस्टमध्ये वगैरे बनवतात आणि ते आपोआप जुळून रिकामा गोळा होतो. आत डीएनए नाही, ई६ नाही, ई७ नाही. घुसायला काहीतरी असावं तर लागतं ना.

शंकासुर

ठीक आहे, लसीचं पटलं. पण मग टेस्टच चुकत असेल तर? तुम्हीच म्हणताय जीन्स तुटतात.

लॅबमधला_बंड्या

डोकं चालतंय तुमचं. काही टेस्ट एल१ चा तुकडा शोधतात, आणि इंटिग्रेशनमध्ये नेमका तोच भाग गेला असेल तर व्हायरस असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. हे क्वचित होतं, पण होतं. म्हणून काही टेस्ट ई६ ई७ च शोधतात, ते कॅन्सरच्या पेशीला सोडून चालत नाही. काही तर डीएनए न बघता ई६ ई७ चा आरएनए बघतात, म्हणजे व्हायरस नुसता बसलाय की कामाला लागलाय त्याचा अंदाज येतो.

ओपीडीतली

रानजाई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बंड्याने विज्ञान नीट सांगितलंय, मी फक्त तुमच्या वहिनीबद्दल बोलते. रिपोर्ट न बघता कुणाला औषध सांगत नाही, पण पुढचा रस्ता सांगते.

१६ आणि १८ हे दोन टाइप मिळून ह्या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसच्या मागे असतात, म्हणून ह्या दोघांपैकी काही आलं की पॅप नॉर्मल असला तरी थांबत नाहीत, कॉल्पोस्कोपी करतात. दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघायचं, पातळ अॅसेटिक अॅसिड लावायचं, जिथे पांढरं उमटेल तिथला हवा तर कणभर तुकडा घ्यायचा. ओपीडीत होतं, अॅडमिट व्हावं लागत नाही. काही नाही निघालं तर साधारण वर्षाने परत तपासणी. सीआयएन १ निघालं तर बहुतेक वेळा नुसती नजर ठेवतो, ते आपोआप जातं. सीआयएन २ किंवा ३ निघालं तर तेवढाच भाग जाळतात किंवा लीप म्हणून तारेच्या वेढ्याने काढतात. तो भाग गेला की त्यातल्या इंटिग्रेट झालेल्या पेशी पण गेल्या, कारण त्या तिथेच असतात. "डीएनएत बसला म्हणजे कधीच निघत नाही" हे त्या पेशीपुरतं खरं आहे, बाईपुरतं नाही.

तुमच्या आईंना सांगा, नुसत्या एचपीव्ही पॉझिटिव्हवर पिशवी काढत नाहीत. आपल्याकडे हे फार सोपं करून टाकलंय, पांढरं गेलं काढ पिशवी, कंबर दुखली काढ पिशवी. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या ते २०१९ मध्ये सगळ्या पेपरांत आलं होतं. पिशवी काढूनही योनीच्या वरच्या भागात इन्फेक्शन राहू शकतं, म्हणजे ऑपरेशन करूनही तपासण्या सुटत नाहीतच.

वेळेचं पण सांगते. प्रतिकारशक्ती बरी असलेल्या बाईत इन्फेक्शनपासून कॅन्सरपर्यंत सहसा १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्ही असेल तर हाच काळ ५ ते १० वर्षांवर येतो, म्हणून त्यांची तपासणी लवकर आणि वारंवार. सीआयएन ३ तसंच सोडलं तर काय होतं ह्याचा आकडा आपल्याकडे आहे आणि तो कसा मिळाला ते वाचून अजून संताप येतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात १९६० आणि ७० च्या दशकांत कितीतरी बायकांना न सांगता त्यांचे उपचार रोखून धरले होते, डॉक्टरांचं म्हणणं हे बदल कॅन्सरकडे जातच नाहीत. पुढे चौकशी बसली. त्या बायकांच्या नोंदींवरून २००८ मध्ये निघालं की नीट उपचार न मिळालेल्यांत ३० वर्षांत साधारण ३१ टक्के जणींना कॅन्सर झाला, आणि ज्यांना वेळेत नीट उपचार मिळाले त्यांच्यात एक टक्क्याहून कमी.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत पण घरात हा प्रश्न येतोच, कुणामुळे लागलं. ते सांगता येत नाही. लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो, आणि तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. २० वर्षांपूर्वीचा असेल नाहीतर मागच्या वर्षीचा. नवरा-बायकोत त्यावरून वाद घालू नका.

धाराशिवकर

आमच्या जिल्ह्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. एचपीव्ही टेस्टने मरणं कमी होतात हे जगाला दाखवून दिलं ते तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांनी. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली कॅन्सर संस्था, तिघांनी मिळून १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडले, कुणाला एचपीव्ही टेस्ट, कुणाला पॅप, कुणाला अॅसेटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि एका गटाला काहीच नाही, फक्त माहिती. २००९ ला निकाल छापला. एचपीव्ही टेस्टच्या गटात ह्या कॅन्सरने ३४ मृत्यू, काहीच न केलेल्या गटात ६४. आयुष्यात फक्त एकदाच केलेल्या टेस्टने हा फरक. पॅप आणि अॅसेटिक अॅसिडवाल्या गटांत तसा ठळक फरक नाही दिसला.

टीका पण झाली, की त्या शेवटच्या गटातल्या बायकांना तपासणीविना का ठेवलं. माझ्या मते ती टीका रास्त आहे. पण ३० च्या पुढच्या बाईची निदान एकदा तरी एचपीव्ही टेस्ट करा असं जे आज सगळीकडे सांगतात त्यात आमच्या तुळजापूर-परांड्याकडच्या बायकांचा वाटा आहे, आणि आमच्याकडे हे कोणाला माहीतच नाही.

निवांत_नाना

मी तिकडे नोकरीला होतो, खरंच कधी ऐकलं नाही हे. धन्यवाद.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला बंड्याचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, ई२ आणि फ्लोटचं त्याला बरोबर कळलं, पंप दुरुस्तीचंच काम आहे त्याचं. आईला "ओपीडीतली" ह्यांचं वाचून दाखवलं, ती अजून रुसलेली आहे पण पिशवीचा विषय तूर्त बंद. पुढच्या आठवड्यात कॉल्पोस्कोपी ठरलीये. अजून दोनच प्रश्न. वहिनीला आता लस दिली तर हा १६ जाईल का? आणि भाची १२ वर्षांची आहे, तिला द्यावी का? दादा म्हणतोय एवढ्या लहान पोरीला कशाला.

ओपीडीतली

वहिनीचा आत्ताचा १६ लसीने जाणार नाही. लस व्हायरसला पेशीत शिरण्याआधी अडवते, शिरलेल्याचं ती काही करू शकत नाही, इंटिग्रेट झालेल्याचं तर नाहीच, कारण त्या पेशीवर एल१ दिसतच नाही.

भाचीला जरूर द्या. दादांना सांगा, लहान आहे म्हणूनच द्यायची, ९ ते १४ हेच तिचं वय, इन्फेक्शन व्हायच्या आत. आपल्याच पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून मिळते, ६, ११, १६ आणि १८ ह्या चार टाइपवर चालते. डोस किती हे तिथले डॉक्टर सांगतील. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून ह्या वयात एक डोसही चालतो म्हणतेय, आणि त्यामागच्या पुराव्यात भारतातला एक मोठा अभ्यास आहे, जिथे २०१० मध्ये लसीकरण मध्येच थांबवावं लागल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता, आणि त्यांचं संरक्षण दोन-तीन डोसवाल्यांइतकंच निघालं. लस घेतली तरी पुढे ३० नंतर तपासणी करायचीच, कारण बाकीचे टाइप राहतातच.

कॉल्पोस्कोपीला जाताना शिबिराचा मूळ रिपोर्ट न्या, मोबाइलवरचा अर्धा कापलेला फोटो नको. पाळी चालू असेल तर तारीख पुढे ढकला. आधीचे दोन दिवस योनीत गोळी किंवा क्रीम काही नको आणि संबंधही नकोत. अॅसिड लावलं की थोडं चुरचुरतं, तेवढंच. तुकडा घेतला तर दोन-चार दिवस थोडं लाल-तपकिरी अंगावर जाईल, पॅड घेऊन जा. फार जास्त गेलं किंवा ताप आला तर परत दाखवा.

शंकासुर

माझ्या बायकोचं वय ३८, तिची एकदाही झालेली नाही. ही टेस्ट स्वतःची स्वतः पण करता येते म्हणे, खरं आहे का?

लॅबमधला_बंड्या

हो, एचपीव्ही टेस्टसाठी बाई स्वतःच योनीतून ब्रश किंवा स्वॅब फिरवून नमुना घेऊ शकते, पॅपसाठी नाही चालत ते. टेस्ट पीसीआरवाली (व्हायरसच्या डीएनएच्या कॉप्या वाढवून शोधणारी) आहे ना एवढं लॅबला विचारून घ्या, आणि १६ आणि १८ वेगळे सांगणारी घ्या, नुसतं "हाय रिस्क पॉझिटिव्ह" लिहून आलं तर पुढे कुठला टाइप ते शोधायला परत पैसे जातात.